आधी माती, मग मोटर

पहाटे 5.00

एप्रिलात बुटीबोरीच्या पट्ट्यात कामं उन्हाच्या आधी उरकावी लागतात. संत्र्याच्या आंब्या बहाराची फळं सुपारीएवढी झाली आहेत. आता झाडाला पाण्याची ओढ बसली तर फळगळ होते, आणि पाणी जास्त होऊन बुंधा ओला राहिला तर डिंक्या लागतो. म्हणून मोटरीकडे जाण्याआधी मी बागेत जातो.

टेन्शिओमीटरचा काटा 15 वर होता, म्हणजे माती ओली. पण आमची काळी जमीन सुकली की भेगाळते, यंत्राच्या सच्छिद्र टोकापासून सुटते, आत हवा शिरते आणि काटा खाली येतो. कोरडी मातीही मग ओली दिसते. ड्रिपरखाली वीतभर उकरलं, माती मुठीत दाबली. गोळा वळला नाही. यंत्र वावरात असावंच, पण काळ्या जमिनीत मुठीला विचारल्याशिवाय त्याच्यावर विसंबू नये, असं माझं ठाम मत आहे.

5.45

वहीतला हिशेब. बाष्पीभवन दिवसाला 10 मिलिमीटर धरलं, त्याला पात्राचा 0.7 आणि पिकाचा 0.7 गुणांक लावला, झाडाचा पसारा 4 मीटर असला, तर एका झाडाला साधारण 62 लिटर लागतात. तूट धरून 68. झाडाला ताशी 8 लिटरचे चार ड्रिपर, म्हणजे दोन तासांहून थोडं जास्त. 6 बाय 6 मीटरवर एकरात 110 झाडं बसतात, त्यांना दिवसाला साडेसात हजार लिटर पुरतात, दहा दिवसांना 75 हजार. पाटाने एकरभर एकदाच दोन इंच पाणी सोडलं तर 2 लाख लिटर जातात. मी बागेत पाट पुन्हा कधीच सोडणार नाही, ते या आकड्यांमुळे.

6.30

"लाइन आली जी, भाऊ!" सालदाराने हाक दिली. वाळूच्या फिल्टरच्या आधीचा दाब आणि नंतरचा दाब यांत अर्ध्या किलोहून जास्त फरक होता. आधी फिल्टर उलट धुतला, मग वॉल्व्ह उघडला.

7.15

ठिबक बसवलं की पाणी वाचलं, असं समजणारे पुष्कळ आहेत. खरं काम इथून पुढे आहे. 8 लिटरच्या ड्रिपरने मिनिटाला 133 मिलिलिटर दिलं पाहिजे. मापाचा ग्लास लावून पाहिलं: पहिल्या ओळीत 130, धुऱ्याजवळच्या शेवटच्या ओळीत 90. बोअरच्या पाण्यातला चुना ड्रिपरच्या तोंडाशी बसतो. तिथली झाडं रोज तिसरा हिस्सा उपाशी राहत होती आणि वरून काहीच दिसत नव्हतं. आधी नळ्यांची टोकं उघडून गाळ काढला. आम्लप्रक्रिया रविवारी. "पाण्यात आसिड टाकायचं, आसिडात पाणी नाही," मी पुन्हा सांगितलं. "हो जी, ध्यानात आहे," सालदार म्हणाला.

9.00

कंपन्यांच्या बसेस केव्हाच गेल्या. एमआयडीसीमुळे बागेला मजूर मिळणं अवघड झालंय, पण गावातल्या पोरांना पगार मिळतो, त्याची तक्रार मी करणार नाही. त्या कारखान्यांना निम्न वेणा प्रकल्पाच्या वडगाव धरणाचं पाणी जातं. एकाच मुलखातलं पाणी कारखाना, गाव आणि वावर मिळून वापरतात, मग मोजमाप तिघांनाही लागू हवं.

आलेल्या दोन बायांनी सोयाबीनचं कुटार झाडांखाली पसरलं, बुंध्यापासून हातभर दूर.

11.00 ते 4.00

ऊन. कोणीही वावरात जायचं नाही.

5.30

शेजारचे काकाजी आले. त्यांची विहीर तळाला गेली आहे आणि खोल बोअर मारायचं मनात आहे. मी वरुड-मोर्शीचं सांगितलं. तिथे संत्र्यासाठी बोअरवर बोअर झाले, जमिनीतलं पाणी भरण्याहून वेगाने उपसलं गेलं. राज्याच्या 2009 च्या भूजल कायद्यात 60 मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधनही आहे.

"मग झाडं वाळू देऊ का जी?" काकाजींनी विचारलं. प्रश्न रास्त होता. विहीर कोरडी पडली की कुठलंही ठिबक ती भरून देत नाही. पण त्यांच्या पाच एकरांपैकी दोन अजून पाटावर आहेत, आणि ठिबकच्या नळ्या बसवल्यापासून धुतलेल्या नाहीत. आहे तेवढं पाणी झाडापर्यंत किती पोचतं, ते आधी मोजू, बोअरचं नंतर ठरवू, असं आम्ही ठरवलं. उद्या सात वाजता मी ग्लास घेऊन त्यांच्या बागेत जाणार आहे.