तानसाकांठची शेगडी

मुंबईच्या घराघरांत तानसा हें नांव नळाच्या पाण्यामुळें परिचयाचें झालें. १८९२ सालीं शहापूर तालुक्यांतील या तलावाचें पाणी, पंपाचें साहाय्य न घेतां केवळ उताराच्या ओघानें, मुंबईस येऊं लागलें. अलीकडे या नांवास दुसराही एक अर्थ प्राप्त झाला आहे. शनिवार-रविवारची सुटी साधून शहापूर व मुरबाड या तालुक्यांतील फार्महाऊसवर जाणारीं कुटुंबें आतां थोडीं नाहींत. आणि तेथें सायंकाळीं अंगणांत शेगडी पेटवून तिच्यावरील लोखंडी जाळीवर मांस, मासळी, पनीर किंवा मक्याचीं कणसें भाजण्याचा, म्हणजे ज्यास बार्बेक्यू म्हणतात तो, बेत बहुधा ठरलेलाच असतो. भोजन आनंदांत होतें. जाळी मात्र जेथल्या तेथें राहते, आणि सकाळीं ती काळी, ओशट व चिकट झालेली दिसली म्हणजे ती घांसावयाची कोणीं, हा प्रश्न उभा राहतो. पुष्कळदां तो जवळच्या ओढ्यावर, धुण्याच्या पावडरीनें सोडविला जातो. यांत जाळी स्वच्छ होत नाहीं आणि ओढा मात्र घाण होतो.

जाळी स्वच्छ कां होत नाहीं, हें समजण्यास तिच्यावरील मळ कशाचा असतो तें पाहिलें पाहिजे. सर्वांत वर ताजी चरबी आणि मसाला असतो. तो गरम पाण्यानें व साबणानें निघतो. त्याच्याखालीं जुन्या तेलातुपाचा थर असतो. तेल पुनःपुन्हां तापलें म्हणजे तें हवेंतील प्राणवायूशीं संयोग पावून घट्ट होतें, आणि त्याचें रोगणासारखें कठीण कवच बनतें. दारांस लावलेला जवसाच्या तेलाचा रंग वाळतो तो याच क्रियेनें. हें कवच आतां तेल राहिलेलेंच नसल्यामुळें साबण त्यास कांहीं करूं शकत नाहीं. उरला कोळसा, तो तर कोणत्याही पाण्यांत विरघळत नाहीं.

येथें एक गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. भाकरीच्या जुन्या तव्यावर जो गुळगुळीत काळा तुकतुकीतपणा येतो व ज्यास गृहिणी जपते, तो याच कवचाचा होय. म्हणून जाळीच्या सळईवरील पातळ, गुळगुळीत काळेपणा हा मळ नव्हे. लोखंडाचें गंजापासून रक्षण करणारें तें आवरण आहे. खरवडीत व पापुद्र्यासारखें सुटतें तेवढेंच काढावयाचें असतें. जाळी नव्या रुपयासारखी चकचकीत करण्याचा हव्यास धरणारे लोक पुढल्याच आठवड्यांत ती गंजलेली पाहतात.

सफाईची उत्तम वेळ दुसरी सकाळ नसून तीच रात्र आहे. पदार्थ उतरल्यावर निखारे जिवंत असतांनाच शेगडीवर झांकण घालून पाव तास जाळी तापूं द्यावी. चिकटलेली चरबी करपून कोरडी होते, आणि मग बांबूच्या कामटीनें ती सहज सुटते. अर्धा कांदा काट्यास टोंचून तापल्या सळईवर फिरविण्याची चाल पुष्कळांस ठाऊक आहे. कांद्याच्या अंगीं गूढ गुण कांहीं नाहीं. त्यांतील पाण्याची वाफ होऊन ओला मसाला सुटतो, इतकेंच. थंड पाणी मात्र तापलेल्या बिडाच्या जाळीवर ओतूं नये, ती तडकते.

रात्र टळली असेल, तर औषध शेगडीच्याच पोटांत असतें. लांकडाच्या राखेंत पालाशाचा क्षार असतो. पाण्यांत कालविल्यावर त्याचें तीव्र अल्कद्रव्य तयार होतें आणि चरबीशीं त्याचा संयोग होऊन थोडासा साबणच बनतो. शिवाय राखेचे कण घांसणीचें काम करतात. आजीच्या काळीं भांडीं राखेनें घांसत, त्यामागें हेंच रसायनशास्त्र होतें. राख चाळून तिचा लगदा जाळीस लावावा, वर ओलें गोणपाट टाकून कांहीं तास ठेवावें, आणि मग नारळाच्या काथ्यानें घांसावें. हातमोजे घालावे, कारण राखेचें पाणी कातडीसही सोडीत नाहीं. ॲल्युमिनिअमच्या ताटांस तें लावूं नये, आणि पितळेस शोभणारी चिंच लोखंडास लावूं नये. आंबटानें कवच जातें व लोखंड उघडें पडतें.

बाजारांतील तारेच्या ब्रशाविषयीं सावधगिरीची सूचना केलीच पाहिजे. त्याच्या सुटलेल्या बारीक तारा जाळीस चिकटून अन्नावाटे पोटांत जातात. घशांत व आंतड्यांत त्या रुतल्याच्या घटना अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानें २०१२ सालीं प्रसिद्ध केल्या आहेत. काथ्याचा धागा राहिलाच, तर तो जळून तरी जातो.

आतां ओढ्याकडे वळूं. तानसाच्या खोऱ्यांतील ओढा तलावास मिळतो, आणि तलावाचें पाणी त्याच कुटुंबाच्या मुंबईंतील नळास येतें. भातसा धरणाचेंही तसेंच. मुरबाडकडील बारवीच्या पाण्यावर कल्याणच्या आसपासचीं शहरें अवलंबून आहेत. एका जाळीची घाण ती कितीशी, असें म्हणणाऱ्यांनीं सुटीच्या दिवशीं पेटणाऱ्या शेगड्या मोजाव्या. जाळी बादलींत धुवावी, ओशट पाणी झऱ्यापासून दूर खड्ड्यांत जिरवावें. निव्वळ लांकडाची राख परसांतील भाजीस थोडथोडी घालतां येते. पावसाळ्यापूर्वीं राब भाजून भाताचें रोप करणाऱ्या येथल्या शेतकऱ्यास राखेची किंमत सांगावी लागत नाहीं.

राख टाकतांना मात्र घाई नको. वरून थंड दिसणाऱ्या राखेच्या पोटीं निखारा रात्रभर जिवंत राहतो. उन्हाळ्यांत सागाच्या वाळक्या पानांचा खच येथें पडलेला असतो. १९७० सालीं तानसा अभयारण्य झालें, आणि अभयारण्यास धोका पोंचेल असा विस्तव पेटविण्यास वा जळता सोडून जाण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें मनाई आहे. पाणी शिंपून, ढवळून, पुन्हां शिंपून, हाताची पालथी बाजू जवळ नेल्यावर ऊब लागत नाहीं अशी खात्री झाल्यावरच राख हलवावी.

धुतलेली जाळी विस्तवावर खडखडीत वाळवून तिच्यावर करडईचा किंवा जवसाचा अगदीं पातळ हात फिरवावा व पुन्हां तापवावी. खोबरेल वापरूं नये; तें वाळत नाहीं, चिकट राहून धूळ धरतें. मृगापूर्वीं जाळी जुन्या धोतराच्या फडक्यांत गुंडाळून माळ्यावर ठेवावी. या भागांतील पावसांत अंगणांत विसरलेली जाळी दसऱ्यास उचलूं गेल्यास तिच्या सळया हातांत तुटून येतात.