पिप इन्स्टॉल केलं आणि स्क्रीन लाल झाली : डेटाबेस ड्रायव्हर नेमका अडतो कुठे?

हेडफोन लावा, आजचा भाग थोडा तांत्रिक आहे, पण कामाचा आहे.

गेल्या काही दिवसांत सगळ्यात जास्त आलेला प्रश्न हा: "दादा, पोस्टग्रेस टाकलं, पायथन टाकलं, दोन्ही चालू आहेत, पण पायथनमधून डेटाबेसला कनेक्टच होत नाही. ड्रायव्हर टाकायला गेलं की स्क्रीनभर लाल अक्षरं येतात." विचारणारे बहुतेक आपल्याच पट्ट्यातले, बारामती, इंदापूर, भिगवणकडचे. डिप्लोमा नाहीतर बीटेकचं शेवटचं वर्ष आणि प्रोजेक्टची तारीख डोक्यावर. एकीने तर लिहिलं, "मला कोडिंग जमणार नाही असं वाटायला लागलंय." अगं, थांब जरा. तू अजून कोडिंगपर्यंत पोहोचलीच नाहीस. तू अडकलीस ती पॅकेजिंगमध्ये, आणि तिथे दहा वर्षं नोकरी केलेले लोकसुद्धा अडकतात.

आधी ड्रायव्हर म्हणजे काय ते बघू. डेटाबेस हा वेगळा प्रोग्राम असतो. पोस्टग्रेस साधारणपणे ५४३२ नंबरच्या पोर्टवर बसलेला असतो आणि स्वतःच्या ठरलेल्या भाषेत बोलतो. तुमच्या पायथनला किंवा जावाला ती भाषा येत नाही. उसाच्या ठिबकमध्ये सबमेनचा जाड पाईप असतो आणि १६ एमएमची लॅटरल असते. मधे ग्रोमेट आणि टेकऑफ नसेल तर मोटार कितीही दाबाची लावा, पाणी सरीपर्यंत जाणार नाही. ड्रायव्हर म्हणजे ते मधलं फिटिंग. वस्तू छोटी, पण माप चुकलं की सगळं थांबतं. बारामतीच्या अॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टचा मायक्रोसॉफ्टबरोबरचा उसातल्या एआयचा प्रयोग तुम्ही बातम्यांत पाहिला असेल. सेन्सरचे आकडे साठवायचे आणि परत काढायचे म्हटले की मधे ड्रायव्हर आलाच.

आता लाल अक्षरांकडे येऊ. पोस्टग्रेससाठी पायथनमधला सगळ्यात ओळखीचा ड्रायव्हर म्हणजे सायकोपीजी २. तो नुसता पायथनमध्ये लिहिलेला नाही, त्याचा गाभा सी भाषेत आहे. शिवाय तो पोस्टग्रेसच्या लिबपीक्यू नावाच्या लायब्ररीवर उभा आहे. म्हणून असं पॅकेज दोन रूपांत मिळू शकतं. एक सोर्स, म्हणजे मूळ कोड, जो तुमच्या मशीनवर कंपाईल व्हावा लागतो. दुसरं व्हील, म्हणजे कोणीतरी आधीच कंपाईल करून ठेवलेलं.

उसाच्या भाषेत सांगतो. सोर्स म्हणजे बेणं. टिपरी आणली, तर रान तयार पाहिजे, पाणी पाहिजे, उगवण तुमच्या हातात. व्हील म्हणजे नर्सरीतून ट्रेमध्ये आणलेलं एक डोळा रोप. आणलं की लावलं. पिप आधी रोप आहे का बघतो, नसेल तर मुकाट्याने बेणं उचलतो आणि तुमच्या रानात लावायला जातो. रान तयार नसतं. कंपायलर नाही, पायथनच्या हेडर फाइल्स नाहीत, लिबपीक्यूच्या नाहीत. मग तो ओरडतो, "पीजी कॉन्फिग सापडलं नाही." पीजी कॉन्फिग हा छोटासा प्रोग्राम आहे, पोस्टग्रेसच्या फाइल्स मशीनवर कुठे आहेत ते सांगणारा. उबुंटूवर लिबपीक्यू-डेव्ह, पायथन३-डेव्ह आणि बिल्ड-इसेन्शियल ही तीन पॅकेजेस टाकली की रान तयार होतं.

मग सायकोपीजी २ चं रोप मिळतच नाही का? मिळतं, पण वेगळ्या नावाने, आणि यामागे किस्सा आहे. २०१७ मध्ये २.७ आवृत्तीपासून ते लोक व्हील देऊ लागले. सगळे खूश. पण त्या व्हीलमध्ये लिबपीक्यूबरोबर ओपनएसएसएलची स्वतःची प्रतही बांधलेली होती. पायथनही आपलं एसएसएल घेऊन येतो. एका घरात दोन कारभारी! काही ठिकाणी, विशेषतः एकाच वेळी बरीच कनेक्शन्स उघडली की, प्रोग्राम धाडकन बंद पडायला लागले. म्हणून २०१८ मध्ये सायकोपीजी २-बायनरी असं वेगळं पॅकेज काढलं, आणि २०१९ च्या २.८ पासून मूळ नावाखाली लिनक्स आणि मॅकसाठी फक्त सोर्स ठेवला. तुमचं ट्युटोरियल त्याच्या आधीचं असेल, तर त्यातली कमांड तेव्हा बरोबर होती आणि आज अडते. यात तुमचा दोष काय?

तर प्रोजेक्टसाठी पिप इन्स्टॉल सायकोपीजी २-बायनरी. झालं काम. खऱ्या सर्व्हरवर मात्र ते करणारे लोकच म्हणतात की सोर्सवरून बांधा. कारण सरळ आहे. उद्या ओपनएसएसएलमध्ये सुरक्षेचं भोक सापडलं आणि तुम्ही सिस्टिम अपडेट केली, तरी व्हीलच्या पोटातली जुनी प्रत तशीच राहते. नवीन प्रोजेक्ट असेल तर सायकोपीजी ३ बघा. तो २०२१ मध्ये आला. त्यात पॅकेजच्या नावापुढे चौकोनी कंसात बायनरी लिहायचं. ते विसरलात आणि मशीनवर लिबपीक्यू नसेल, तर इन्स्टॉल गुपचूप होतं आणि इम्पोर्टला रडतं.

अजून एक नेहमीचा सापळा. पायथनची अगदी ताजी आवृत्ती परवाच आली, तुम्ही हौसेने टाकली. व्हील हे ठरावीक पायथन आवृत्ती, ठरावीक ऑपरेटिंग सिस्टिम आणि ठरावीक प्रोसेसर यांच्या मापाचं असतं. फाइलच्या नावातच लिहिलेलं असतं. सीपी३१२ म्हणजे पायथन ३.१२, विन-एएमडी६४ म्हणजे ६४ बिट विंडोज. नव्या पायथनसाठी व्हील यायला वेळ लागतो. तोपर्यंत पिप बेण्याकडे वळतो आणि विंडोजवर मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी प्लस प्लस मागतो. ती बिल्ड टूल्स म्हणजे काही जीबी. रोजचा दीड-दोन जीबीचा पॅक, त्यावर घरातले सगळे! एक आवृत्ती मागचं पायथन टाका, तेवढ्यात भागतं.

नेटच नसेल तर? वस्तीवर रेंज नाही, लॅबमध्ये इंटरनेट बंद. अशा वेळी कॉलेजात किंवा मित्राकडे पिप डाउनलोड वापरा. पॅकेजचं नाव, मग डॅश डॅश ओन्ली डॅश बायनरी, बरोबरची खूण, कोलन ऑल कोलन. काही एमबीच्या फाइल्स मिळतील, पेन ड्राइव्हवर टाका. घरी पिप इन्स्टॉल, डॅश डॅश नो डॅश इंडेक्स, डॅश डॅश फाइंड डॅश लिंक्स आणि फोल्डरचं नाव, शेवटी पॅकेजचं नाव. दोन्ही मशीनचं पायथन आणि ऑपरेटिंग सिस्टिम सारखी हवी, नाहीतर माप चुकलंच. आणि पिप थेट चालवण्यापेक्षा पायथन डॅश एम पिप असं चालवा. एका लॅपटॉपवर तीन-तीन पायथन असतात, पिप एकात टाकतो आणि प्रोग्राम दुसऱ्यात शोधत बसतो.

जावावाल्यांचं बरं आहे. त्यांचे आजचे बहुतेक ड्रायव्हर शुद्ध जावात, एकच जार फाइल, कंपाईलची भानगड नाही. मेव्हन सेंट्रलवरून घ्या, कुठल्याही ब्लॉगवरची झिप उचलू नका. आणि क्लास डॉट फॉरनेम ही ओळ २००६ च्या जावा ६ पासून लागत नाही, जार क्लासपाथवर असली की ड्रायव्हर आपोआप सापडतो. आपल्या प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये ती अजून का आहे, ते जर्नललाच विचारा.

विंडोजवर पोस्टग्रेस ज्या इन्स्टॉलरने बहुतेक जण टाकतात, तो एंटरप्राइझडीबीचा. या कंपनीचं एक ऑफिस आपल्या पुण्यातच आहे. शेवटी तो स्टॅक बिल्डर चालवू का विचारतो आणि सगळे टिक काढून टाकतात. त्यात डेटाबेस ड्रायव्हर्सचा गट आहे. ओडीबीसी, जेडीबीसी, डॉटनेट, सगळं तिथे मिळतं. पायथनचा तेवढा पिपनेच.

ओडीबीसीवरून आठवलं. इंदापूर तालुक्यातल्या एका दूध संकलन केंद्रावर क्लार्क काकांना मायएसक्यूएलमधले आकडे एक्सेलमध्ये हवे होते. दहा दिवसांचा दुधाचा पगार काढायचा होता. ड्रायव्हर टाकलेला, टेस्ट कनेक्शन पास, पण एक्सेल म्हणतं आर्किटेक्चर मिसमॅच. सॉफ्टवेअरवाल्याने फोनवर सल्ला दिला, "विंडोज फॉरमॅट मारा." दोनशेच्या आसपास शेतकरी पैशांची वाट बघतायत आणि हा फॉरमॅट मारतोय! झालं होतं एवढंच की एक्सेल ३२ बिटचं आणि ड्रायव्हर ६४ बिटचा. एकाच प्रोसेसमध्ये हे दोन एकत्र बसत नाहीत, विंडोज ६४ बिट असली तरी. ३२ बिटचा ड्रायव्हर टाकला, पण तो सेटिंगमध्ये दिसेना. विंडोजमध्ये ओडीबीसीच्या दोन वेगळ्या खिडक्या आहेत. गंमत बघा, ६४ बिटची खिडकी सिस्टिम३२ नावाच्या फोल्डरमध्ये आणि ३२ बिटची सिसवाओ६४ मध्ये. जुने प्रोग्राम मोडू नयेत म्हणून पहिलं नाव तसंच ठेवलं आणि गोंधळ कायमचा झाला. दुसरी खिडकी उघडली, डीएसएन बनवला, संध्याकाळच्या दुधाच्या आत याद्या निघाल्या.

तर आता मेसेज कराल तेव्हा फक्त शेवटच्या ओळीचा स्क्रीनशॉट नको. पिपचं खरं कारण बहुधा मधेच कुठेतरी असतं. सगळा मजकूर कॉपी करा, सोबत पायथनची आवृत्ती, ३२ की ६४ बिट, आणि विंडोज की लिनक्स एवढं लिहा. रविवारी बसून उत्तरं देतो.