परसात दोन खोल्या काढताय? आधी कागद करा

लेकाचं लग्न ठरलं की आपल्याकडे परसात दोन खोल्या, मोरी-संडास काढायचं ठरतं. जागा स्वतःची असली तरी परवानगी हवीच. आपल्या हिंगोली जिल्ह्यात हिंगोली, वसमत, कळमनुरी शहरात नगर परिषद, औंढा नागनाथ आणि सेनगावात नगर पंचायत, खेड्यात गावठाणात असाल तर आधी ग्रामपंचायत गाठा.

डिसेंबर २०२० च्या राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीने लहान प्लॉटवाल्यांचं काम खूप सोपं केलंय. भूखंड १५० चौरस मीटरपर्यंत असेल, तर नियमात बसणारा, आर्किटेक्ट किंवा परवानाधारक इंजिनिअरच्या सहीचा नकाशा दाखल करून शुल्क भरायचं. ती पावतीच परवानगी. ३०० चौरस मीटरपर्यंत दहा दिवसांत मंजुरी. ही सोय फार मोलाची आहे!

मात्र नकाशात जुनं घरही दाखवावं लागतं. चटईक्षेत्र दोन्हींचं मिळून मोजतात, शिवाय हद्दीपासून सोडायची मोकळी जागा असतेच. सामाईक मालमत्ता असेल तर भावांची संमती आधीच घ्या. फाईल बहुधा इथेच अडते.

पाया खणण्याआधी मालमत्ता पत्रक किंवा ग्रामपंचायतीचा नमुना ८ काढून नावं तपासा.