घरातील डाकव्यवस्था

मुंबईहून निघालेले पत्र ४४५००१ हा पिनकोड पाहून यवतमाळ शहरी पोचते. पण गल्लीतील नेमके दार पोस्टमनच ओळखतो. १९७२ साली सुरू झालेली पिनकोडची पद्धत आणि पोस्टमनची ओळख या दोहोंवाचून पत्र हाती पडत नाही. घरातील संगणकांच्या जाळ्यातही कामाची अशीच वाटणी असते.

राउटर हे यंत्र घराला इंटरनेटशी जोडते. घरातील प्रत्येक यंत्राला आयपी पत्ता देणे व बाहेरची वाट दाखविणे, हे त्याचे काम. मात्र तारा जोडण्यासाठी त्याला बहुधा चारच पोर्ट असतात. ते अपुरे पडले, की स्विच लागतो. कोणत्या पोर्टवर कोणते यंत्र आहे, हे स्विच संदेशावरील प्रेषकाच्या मॅक पत्त्यावरून शिकतो आणि पुढील संदेश नेमका तेथेच पोचवितो. यंत्र अनोळखी असेल, तर संदेश सर्व दारी धाडतो.

तारेचे एक टोक राउटरच्या ‘लॅन’ पोर्टमध्ये आणि दुसरे स्विचच्या पोर्टमध्ये बसवावे. ‘वॅन’ पोर्ट बाहेरून येणाऱ्या तारेसाठी असतो. तांब्याची तार १०० मीटरपेक्षा लांब नसावी.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. अधिक वेगाच्या लोभाने साधा स्विच राउटरला दोन तारांनी जोडू नये. तसे केल्यास सर्वांसाठी निघालेला संदेश त्या फेऱ्यात अखंड फिरत राहतो आणि क्षणार्धात साऱ्या घराचा व्यवहार ठप्प होतो. येथे एकच वाट हिताची होय.