अवरक्त किरणांची आज्ञा व तिची पोच

दूरचित्रवाणी संचाचा रिमोट आता घरोघरी आहे. परंतु त्याचे बटन दाबताच नेमके काय निघते, याचा विचार आपण क्वचितच करतो. निघतो तो प्रकाशच. मात्र तांबड्याच्या पलीकडचा, डोळ्यांस न दिसणारा. विल्यम हर्शेल यांनी १८०० साली उष्णतामापकाच्या साह्याने तो ओळखला. त्यासच अवरक्त किरण म्हणतात.

अशी सोय वखारीतील दिव्यापंख्यासही करता येते. इटलीत २००५ साली सुरू झालेल्या ‘आर्डुइनो’ या तळहातावर मावणाऱ्या बोर्डावर एक सूक्ष्म संगणक असतो. त्यास तीन पायांचा अवरक्त संवेदक जोडावा व ‘आयआररिमोट’ हा विनामूल्य मिळणारा प्रोग्रामसंच वापरावा, म्हणजे रिमोटची आज्ञा त्यास वाचता येते. हे किरण बहुधा सेकंदास ३८,००० वेळा लुकलुकतात. म्हणून इतर प्रकाशातून ते निवडून काढता येतात.

आज्ञेची भाषा समजण्यास जुन्या हुंडीचे उदाहरण उपयोगी पडेल. हुंडीत शंभर रुपये लिहिताना ‘पन्नासाची दुप्पट’ असेही नमूद करीत, जेणेकरून आकड्यातील फेरफार उघडा पडावा. ‘एनईसी’ या प्रचलित पद्धतीच्या मूळ रूपात हेच तत्त्व आहे. तिच्यात शून्य व एक अशी ३२ चिन्हे धाडली जातात : आधी यंत्राचा पत्ता, मग आज्ञा, आणि प्रत्येकाच्या पाठोपाठ त्याचेच उलटे रूप, म्हणजे शून्याच्या जागी एक व एकाच्या जागी शून्य. मेळ न बसल्यास आज्ञा रद्द समजावी.

तथापि हा व्यवहार एकतर्फी आहे, हे विसरू नये. आज्ञा पोहोचल्याची पोच रिमोटकडे परत येत नाही. पोत्यांची थप्पी आड आली तर किरण तेथेच अडतात. प्रखर उन्हातही संवेदक गोंधळतो. दिवा लागला नाही तर पुन्हा बटन दाबता येईल. परंतु कन्व्हेयर पट्ट्यात हमालाचा हात सापडला, तर दुसऱ्या प्रयत्नास अवधी कोठला? असे यंत्र थांबविण्याचे बटन तारेने जोडलेले व यंत्रापाशीच असले पाहिजे.

शिवाय हा बोर्ड सामान्यतः ५ व्होल्टवर चालतो, तर आपली वीज २३० व्होल्टची. दोहोंमधील रिले परवानाधारक वायरमनकडूनच बसवून घ्यावा. पोच आल्यावाचून व्यवहार पुरा मानू नये, हा पेढीवरील नियम येथेही पाळावा.