पाण्याला चिकटलेले विमान

पातेल्यातून कपात ओतलेला चहा कधी कधी कपात न पडता काठावरून वळतो आणि पातेल्याच्या पोटावरून ओघळतो. काठ गोलसर असेल तर हमखास. काठाला टोकदार चोच असली की तोच चहा सरळ कपात पडतो. पाण्यावर आणि धावपट्टीवर दोन्हीकडे उतरणारी लहान उभयचर विमाने ज्यांनी बांधली, त्यांची निम्मी डोकेदुखी या ओघळणाऱ्या चहात होती.

वर्गात दाखवायला एक चमचा आणि नळ पुरे. चमच्याचा दांडा दोन बोटांत सैल धरा, चमचा लोंबता ठेवा आणि त्याची फुगीर पाठ हळूहळू नळाच्या धारेला लावा. धार त्याला बाहेर ढकलेल असे मुले सांगतात. होते उलटे, चमचा धारेत ओढला जातो. धार फुगीर पाठीवरून वळून एका बाजूला जाते, म्हणून चमचा दुसऱ्या बाजूला खेचला जातो.

उभयचर विमानाचे पोट होडीसारखे असते. उभे असताना ते आर्किमिडीजच्या नियमाने तरंगते. वेग वाढला की ते पाण्यावर वर येऊ लागते, पण पूर्ण वर येण्याआधी पाण्याचा विरोध खूप वाढतो. हा चढ लहान इंजिनाने पार करायचा असतो. शिवाय उडताना नाक वर उचलायचे तर शेपटीकडचा तळ वर वळलेला हवा, आणि पाणी नेमके त्या वळणाला चिकटून शेपूट खाली ओढते.

अमेरिकेतील ग्लेन कर्टिस यांना १९१२ साली न्यूयॉर्क राज्यातील क्यूका तलावावर हीच अडचण आली. त्यांची उडती होडी पाणी सोडेना. उपाय निघाला तो सुतारकामाचा: तळाला लाकडी ठोकळे ठोकून मध्येच एक पायरी केली. पायरीच्या धारदार कडेवर पाणी तुटते, मागे हवा शिरते आणि पुढचा तळ पाण्यावर घसरू लागतो. आजही ही पायरी विमानाच्या गुरुत्वमध्याच्या किंचित मागे असते.

पर्सिव्हल स्पेन्सर यांनी १९११ साली, शाळकरी वयात, ‘पॉप्युलर मेकॅनिक्स’ मासिकातल्या आराखड्यावरून ग्लायडर बांधले होते. पुढे त्यांच्याच कल्पनेतून रिपब्लिक कंपनीचे चार आसनी ‘सीबी’ झाले. युद्धावरून परतलेले वैमानिक अशी विमाने मोटारीसारखी विकत घेतील, अशी तेव्हा आशा होती. तसे झाले नाही. १९४७ साली उत्पादन थांबले तोवर १०६० सीबी तयार झाली होती. (१९७४ च्या ‘द मॅन विथ द गोल्डन गन’ या बाँडपटात दिसते ते हेच.) स्पेन्सर थांबले नाहीत. सत्तरी ओलांडल्यावर त्यांनी घरी बांधता येईल असे ‘एअर कार’ उडवले आणि त्याचे आराखडे विकले. १९९५ साली ते वारले तेव्हा ९७ वर्षांचे होते.

घरी विमान बांधणाऱ्यांमध्ये आम्हाला सर्वांत आवडतात ते कॅलिफोर्नियाचे व्होल्मर जेन्सन. पंख बांधणे हे सर्वांत किचकट काम, म्हणून त्यांनी ते टाळलेच. १९५८ साली उडालेल्या त्यांच्या दोन आसनी ‘स्पोर्ट्‌समन’ला त्यांनी एरोन्का या जुन्या लहान विमानाचे तयार पंख लावले आणि प्लायवुडचे पोट तेवढे स्वतः बांधले. जॉर्ज परेरा यांनी ‘ऑस्प्रे’च्या लाकडी तळावर फोम चढवला, तो घासून हवा तसा आकार दिला आणि वरून फायबरग्लास लावले. पायरीची कड अचूक आणायला ही युक्ती फार सोयीची. (आपल्याकडे कांदिवलीला गच्चीवर विमान बांधणारे अमोल यादव याच जातकुळीचे, पण त्यांचे विमान जमिनीवरचे.)

या विमानांची एक खोड मात्र आराखड्यातून पुसता येत नाही. प्रोपेलरला पाण्याचे तुषार लागू नयेत म्हणून इंजिन पंखांच्याही वर बसवतात. त्यामुळे इंजिनाचा जोर वाढवला की नाक खाली जाते आणि कमी केला की वर येते. साध्या विमानावर शिकलेल्या हाताला हे उलटे वाटते, आणि पाण्याजवळ गडबडून जोर देणाऱ्याला महागात पडते.

दुसरा धोका चाकांचा. चाके वर घेतलेलीच राहून विमान धावपट्टीवर उतरले तर बहुधा तळ खरवडतो, दुरुस्तीचा खर्च येतो. पण चाके खाली ठेवून पाण्यावर उतरले तर ती पाण्यात रुततात, क्षणात विमान पालथे होते आणि आतली माणसे बुडू शकतात. धावपट्टीवर चाके खाली करण्याची सवय जितकी पक्की, तितका हा धोका मोठा. म्हणून असे वैमानिक एकटे असले तरी उतरण्यापूर्वी मोठ्याने म्हणतात: पाण्यावर उतरतोय, चाके वर आहेत. आणि मग मान वळवून चाक खरेच वर आहे का, ते डोळ्यांनी पाहतात.