पिकाची मदत, मातीचे काय?

दिवाळीला छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडी बाजारात किती गर्दी होणार, हे बरेचसे आसपासच्या खेड्यांतला कापूस अन् सोयाबीन ठरवतात. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत मराठवाड्यातली हीच पिके बुडाली. काळ्या जमिनीत पाणी साचले की मातीतली हवा निघून जाते, मुळे गुदमरतात. वरून हिरवे दिसणारे झाड आतून मरते. पंचनाम्यात ३३ टक्क्यांहून कमी नुकसान दिसले, तर आपत्ती निधीतून मदत नाही. पात्र ठरलेल्या कोरडवाहू पिकाला या निधीच्या २०२५ च्या निकषाने हेक्टरी ८,५०० रुपये, म्हणजे एकरी जेमतेम ३,४००. त्यात बियाणे-खताचाही खर्च निघत नाही.

यावर म्हटले जाते, की ही भरपाई नव्हे, तातडीचा आधार. भरपाईसाठी पीकविमा आहे. पिकापुरते ते मान्य. पण विमा पिकाचा असतो, मातीचा नाही. पीक पुढच्या हंगामात येते. पण पुराने खरडून गेलेला सुपीक थर तयार व्हायला शतके लागतात. राज्याने ऑक्टोबर २०२५ मध्ये अशा खरडलेल्या जमिनीसाठी हेक्टरी ४७,००० रुपये रोख आणि रोहयोतून ३ लाखांपर्यंतची कामे जाहीर केली. दिशा योग्यच आहे. मात्र खरडलेल्या जमिनीवर गाळ आणून पसरायचा तो पेरणीआधी, आणि नुकसानीची नोंदच नसेल तर ही मदत वेळेत मिळणार कशी? म्हणून पंचनाम्यात पिकाइतकीच मातीचीही नोंद झाली पाहिजे, आणि शेतकऱ्यांनी ती आग्रहाने करून घ्यावी.